दोन गाड्या

डोंगरमाथ्यावरच्या एका लहान गावात एक मास्तर राहत होते. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. वडिलांनी आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवली होती. ते जाऊन बारा वर्षं झाली होती. मास्तर गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत, संध्याकाळी परसातल्या झाडांना पाणी घालत आणि रात्री आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत. दिवस साधे होते आणि तसेच चालले होते.

मग आईची मूत्रपिंडं निकामी झाली.

घाटाखाली ४२ किलोमीटरवर तालुक्याचं गाव होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची सोय होती. बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोनला आईची पाळी असे. चार तास तिचं रक्त नळीतून मशीनमध्ये जाई आणि गाळून परत अंगात येई. एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत तिला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागे. तिनं स्टीलचा एक छोटा पेला वेगळा ठेवला होता. दिवसभराचं पाणी ती त्याच पेल्यानं मोजत असे.

शनिवारी शाळा सकाळची असे. बुधवारी मधल्या सुट्टीनंतर दुसरे गुरुजी मास्तरांचा वर्ग सांभाळत. मायलेक एसटीनं जात आणि एसटीनंच परत येत. सहाला आई मशीनवरून उठे तेव्हा तिचा रक्तदाब उतरलेला असे, पाय थरथरत असत. शेवटची गाडी सव्वासातला. तोवर स्टँडच्या बाकावर ती मुलाच्या खांद्याला डोकं टेकून बसे. घाटात वळणं आली की समोरची दांडी घट्ट धरी, तीही उजव्याच हातानं. डाव्या हाताची धमनी आणि शीर जोडून डॉक्टरांनी डायलिसिससाठी वाट केली होती. त्या हातावर भार द्यायचा नाही, असं सिस्टरनी बजावलं होतं.

श्रावणातल्या एका बुधवारी घाटात झाड पडलं. एसटी दोन तास अडकली. मायलेक दवाखान्यात पोचले तेव्हा चार वाजून गेले होते.

सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, आज दोनच तास देता येतील. पुढचे पेशंट येऊन बसलेत."

दोन तासांत जेवढं झालं तेवढं झालं. शुक्रवारी रात्री आईला धाप लागली. आडवं झालं की श्वास अडे. अंगात साठलेलं पाणी छातीपर्यंत आलं होतं. ती भिंतीला टेकून रात्रभर बसून राहिली. मास्तर तिच्या पाठीला उशी लावून शेजारी बसले. डोळ्याला डोळा लागला नाही, ना तिच्या, ना त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी मशीनवर पूर्ण चार तास मिळाले आणि आईचा श्वास मोकळा झाला. त्याच दिवशी मास्तरांनी ठरवलं, गाडी घ्यायची.

साठवलेले पैसे मोजले. पतपेढीत चौकशी केली. सगळं मिळून १ लाख ३० हजार जमत होते. एवढ्यात नवी गाडी येत नव्हती, जुनीच बघावी लागणार होती.

गावाबाहेर फाट्यावर एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. माणूस कमी बोलणारा, पण सचोटीचा. मास्तरांनी त्यांना विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "दोन गाड्या कानावर आल्यात. एक खालच्या वाडीतल्या आजोबांची, एक बँकेतल्या साहेबांची. साहेबांची बदली झालीय. दोन्ही बघून या, मग मी येतो."

मास्तर आधी वाडीत गेले.

आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या पुढं. ओसरीशेजारच्या कौलारू पडवीत त्यांनी एका गाडीवरची गोधडी बाजूला केली आणि मास्तर जागीच उभे राहिले.

ती फियाट होती. प्रीमियर पद्मिनी. सायीच्या रंगाची, पुढं चकचकीत जाळी, गोल दिवे, मागच्या दोन्ही बाजूंना माशाच्या शेपटीसारखी किंचित वर गेलेली धार. आत पुढची सीट बाकासारखी सलग. गिअरचा दांडा खाली नव्हता, स्टिअरिंगलाच होता. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात ती त्रिकोणी काच होती, जी फिरवली की वारा थेट तोंडावर येतो.

मास्तरांनी दार उघडलं. आतून पेट्रोलचा, रेक्झिनचा आणि जुन्या उन्हाचा वास आला. त्यांना वाटलं, आता वडील हाक मारतील.

वडिलांची टॅक्सी अशीच होती. काळी, वर पिवळं छप्पर, डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर. लहानपणी सुट्टीत मास्तर त्या सलग सीटवर वडिलांना चिकटून बसत आणि वडील त्यांचा हात आपल्या हाताखाली घेऊन गिअर टाकायला शिकवत.

आजोबा सांगू लागले, "१९८६ची आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि थेट माझ्याकडं आली. दुसरा हात लागला नाही. आधी हिला फियाट अकराशे म्हणायचे. १९७४ पासून पद्मिनी नाव लागलं. पण आम्ही आपले फियाटच म्हणत राहिलो."

"विकताय कशाला मग?" मास्तरांनी विचारलं.

आजोबांनी बॉनेटवर हात ठेवला. "वाकता येत नाही आता. हिच्यासाठी वाकावं लागतं."

किंमत त्यांनी ७० हजार सांगितली. मास्तरांचा हात खिशाकडं गेला. इसार म्हणून ५०० रुपये द्यावेत, असं त्यांच्या मनात आलं. आजोबाच म्हणाले, "घाई नको. मिस्त्रींना दाखवा. दोन-चार किलोमीटर नव्हे, चांगली लांबवर फिरवून आणा. मग बोलू."

संध्याकाळी मास्तर बँकेतल्या साहेबांकडं गेले. अंगणात एक करड्या रंगाची वॅगनआर उभी होती. आठ वर्षांची, उंच, चौकोनी, रस्त्यावर रोज दिसणाऱ्या शेकडो गाड्यांसारखी. साहेबांनी एक फाईल पुढं केली. तिच्यात प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारखेनं लावून ठेवलेली होती. मास्तरांनी गाडीला एक फेरी मारली. काही आठवलं नाही, काही वाटलंही नाही. किंमत १ लाख २० हजार. "कळवतो," म्हणून ते परत आले.

मिस्त्रींनी दोन्ही गाड्या सकाळी सकाळीच बघितल्या. आधी त्यांनी बॉनेटवर पालथा हात ठेवला. "गार आहे. आधी सुरू करून ठेवलेली गाडी सगळेच रोग लपवते," ते म्हणाले. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. जिथं पत्रा सडून आत पुट्टी भरलेली असते तिथं चुंबक धरत नाही. ऑईलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. तिथं दुधासारखा फेस असला तर इंजिनात पाणी शिरलेलं असण्याची शंका. मास्तरांना गाडी सुरू करायला सांगून स्वतः मागं जाऊन धूर बघत उभे राहिले. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. टायर आतून झिजलेत की बाहेरून ते हातानं चाचपलं. चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. बुकावर बँकेचा बोजा नाही ना, विमा चालू आहे ना, तेही बघितलं.

दोन्ही गाड्या खऱ्या निघाल्या. फियाटच्या दाराखाली थोडा पत्रा खाल्लेला होता, वॅगनआरचे दोन टायर बदलायला झाले होते. बाकी लबाडी कुठं नव्हती.

परतताना मास्तरांनी विचारलं, "मिस्त्री, फियाट चांगली आहे ना?"

"चांगली आहे."

"आणि दुसरी?"

"दुसरीही चांगली आहे."

"मग फरक काय?"

मिस्त्री थोडं चालले. मग म्हणाले, "फियाटला माणूस लागतो. दुसरीला नुसती चावी लागते."

मास्तरांना हे बोलणं आवडलं. आपल्या वडिलांसारखा माणूस आपणही होऊ, असं त्यांना वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांनी आजोबांची गाडी लांबवर फिरवायला नेली. ऑक्टोबरचं ऊन होतं. चोक ओढला, चावी फिरवली आणि तो ओळखीचा आवाज आला. स्टिअरिंगवरचा दांडा हाताला लागला, तसा हात आपोआप वळला. लहानपणी शिकलेलं हाताला आठवत होतं. घाट उतरून ते तालुक्याच्या गावापर्यंत गेले, दवाखान्यावरून वळसा घेतला आणि परत फिरले.

घाट चढताना उन्हाची वेळ झाली. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढावं लागलं. मधल्या वळणावर, देवळाजवळ, इंजिननं दोन आचके दिले आणि गाडी थांबली. पुन्हा चावी फिरवली, सुरू होईना.

वळणावर चहाची टपरी होती. टपरीवाला पाण्याचा तांब्या आणि ओलं फडकं घेऊन स्वतःच आला. "फियाट ना? तापली असंल," तो म्हणाला. त्यानं बॉनेट उघडलं आणि ओलं फडकं पेट्रोलच्या पंपावर ठेवलं. त्या गाड्यांचा पंप इंजिनालाच लागून असतो. इंजिन फार तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पंप गार होईपर्यंत बसून राहायचं, दुसरा उपाय नाही.

मास्तर दगडावर बसले. टपरीवाल्यानं चहा दिला. येणारी-जाणारी माणसं थांबू लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "माझी वरात हिच्यातून निघाली होती." एका एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून सलाम केला. दोन पोरांनी गाडीबरोबर फोटो काढले. कुणी टॅक्सीतली मुंबई आठवली, कुणी आपल्या काकांची गाडी. फडकं दोनदा भिजवून झालं. ४० मिनिटांनी इंजिन सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर घरी आले ते आनंदातच. इतकं मोकळं बोलणं, इतकी माणसं, कितीतरी दिवसांनी! जेवताना त्यांनी आईला सगळं सांगितलं. वरातीतले गृहस्थ, सलाम, टाळ्या, सगळं.

आईही हसली. "घे हो. तुला आवडलीय तर घे," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनाही किती आवडली असती! पहाटे चारला उठायचे. कंदील टांगायचे, बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी बघायचे, पॉलिश पेपरनं पॉइंट घासायचे. मग सगळी गाडी ओल्या फडक्यानं पुसायचे. अर्धा-पाऊण तास. आंघोळ राहील, पण गाडी पुसायची राहायची नाही. म्हणून तर ती चालली."

तिनं पेला उचलला, दोन घोट पाणी घेतलं आणि बाकीचं रात्रीसाठी झाकून ठेवलं. मग जुनं काहीतरी आठवून तिचा चेहरा उजळला.

"तुझ्या जन्माच्या रात्रीचं सांगितलंय का तुला? धो-धो पाऊस. आपल्या चाळीच्या गल्लीत दोन टॅक्सी उभ्या असायच्या. एक आपली, जुनी. दुसरी शेजारच्या भाऊंची, सहा महिन्यांपूर्वी घेतलेली. मला कळा सुरू झाल्या तशी मी यांना म्हटलं, गाडी काढा. तर हे गेले आणि भाऊंचं दार वाजवलं. मी म्हटलं, अहो, आपली गाडी दारात उभी असताना दुसऱ्याची कशाला?"

"मग?"

"म्हणाले, पावसात आपलीला पाणी लागतं, कधी सुरू होते, कधी नाही. एरवी मी तिच्याशी बोलत बसतो, तिची समजूत काढतो. आज मला गाडीकडं बघायचं नाही, तुझ्याकडं बघायचंय." आई हसू लागली. "आणि खरंच, भाऊ पुढं गाडी चालवत होते आणि हे मागं माझा हात धरून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा टॅक्सीत मागं बसले असतील."

"आणि आपली गाडी?"

"आपली गाडी पाचव्या दिवशी आली की! ऊन पडलं होतं. यांनी तिला हार घातला, मीटरलासुद्धा एक छोटा हार. तुला आणि मला दवाखान्यातून घरी आणलं ते आपल्याच गाडीतून. इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढं जात होते."

आईनं गोष्ट सांगितली, हात धुतले आणि ती अंथरुणावर टेकली. तिला त्यातून काही सुचवायचं नव्हतं. तिला फक्त आठवलं होतं.

मास्तरांना मात्र झोप येईना.

अंधारात त्यांना पुन्हा ते घाटातलं वळण दिसू लागलं. देवळाजवळची टपरी, बॉनेटवर वाकलेली माणसं, हातातला चहा. पण आता ऊन नव्हतं. संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि बुधवार होता. त्या सलग सीटवर आई बसली होती. तिचे पाय थरथरत होते. उजव्या हातानं तिनं दार धरलं होतं, डावा हात मांडीवर जपून ठेवला होता. माणसं गाडीभोवती जमली होती, हसत होती, जुन्या आठवणी सांगत होती. आईला आडवं व्हायचं होतं आणि आडवं व्हायला जागा नव्हती. ती काही बोलत नव्हती. ती कधीच काही बोलली नसती.

४० मिनिटं तीच होती. आपण ती दगडावर बसून मोजली. तिनं ती सीटवर बसून मोजली असती.

शेजारच्या खोलीतून आईच्या श्वासाचा संथ आवाज येत होता. तो ऐकत मास्तर बराच वेळ पडून राहिले.

सकाळी शाळेच्या आधी ते वाडीत गेले. आजोबा ओसरीवर बसले होते. मास्तरांना शब्द सापडेनात.

"आजोबा, गाडी मला फार आवडली. पण मी नाही घेऊ शकत."

"घाटात थांबली म्हणून?"

"थांबली त्याचं काही नाही. मला तर बरंच वाटलं. पण माझ्या शेजारी आई असणार आहे. तिला थांबता येत नाही."

आजोबा पडवीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला राग नाही आला, मास्तर. घेतली असती आणि आठवड्यात दोनदा तिच्यावर चिडला असता, तर वाईट वाटलं असतं. तिचा दोष नसताना तिनं बोलणी खाल्ली असती."

मास्तर उठले. पडवीच्या दाराशी पुन्हा थांबले. गाडीवर कालच्या घाटातली धूळ तशीच होती.

"आजोबा, मी रविवारी आलो तर चालेल? नुसता पुसायला. हवा-पाणी बघीन, सुरू करून ठेवीन. तुम्हाला वाकता येत नाही म्हणालात."

आजोबांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी कमरेची चावी काढली आणि मास्तरांच्या हातावर ठेवली.

त्याच आठवड्यात मास्तरांनी वॅगनआर घेतली. कागदांवर सह्या झाल्या, आरटीओत नाव चढलं. मिस्त्रींनी दोन टायर बदलून दिले, ऑईल बदललं आणि ब्रेक तपासले. "हिला चोक नाही, पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाही. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत आहे, घाटात तापायचा नाही," ते म्हणाले. "ठरल्या किलोमीटरला ऑईल बदला, पट्टे आणि पाणी बघत राहा. एवढंच मागते ती."

दसऱ्याला मास्तरांनी झेंडूचे दोन हार केले. एक दारातल्या गाडीला घातला. दुसरा घेऊन ते वाडीत गेले.

तेव्हापासून असं चाललं. बुधवारी आणि शनिवारी करडी गाडी दारातून निघे, घाट उतरे, दोनच्या आत दवाखान्यात पोचे. सहाला आई मशीनवरून उठली की पुढची सीट मागं पाडून ठेवलेली असे. कधी पाऊस असे, कधी धुकं. गाडी सुरू होई आणि घरी येई. त्या गाडीकडं कुणी वळून बघितलं नाही, कुणी तिच्याबरोबर फोटो काढला नाही. इतक्या फेऱ्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

रविवारी पहाटे मास्तर वाडीत जात. बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी बघत, पॉइंट घासत, मग सगळी गाडी ओल्या फडक्यानं पुसत. अर्धा-पाऊण तास. आजोबा ओसरीवरून सूचना देत. मग दोघं सलग सीटवर बसत आणि गावाला एक फेरी मारून येत. कुठं घाई नसे. मधेच थांबली तर दोघं खाली उतरून झाडाखाली बसत आणि तिचा राग जाईपर्यंत गप्पा मारत.

एका रविवारी मास्तरांनी ती गाडी घरी आणली. आईला हात धरून बाहेर आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. आईनं गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, त्रिकोणी काच फिरवली. बराच वेळ ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "हळू चालव. सायकलवाल्यांना पुढं जाऊ दे."

पुढच्या बुधवारी परतताना घाटात अंधार पडला. मास्तरांनी आईला काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. आईचं डोकं सीटवर कललं होतं, तोंड किंचित उघडं होतं. जो उजवा हात एसटीत वळणावळणावर दांडी घट्ट धरून ठेवायचा, तो मांडीवर सैल पडला होता. तिला झोप लागली होती. गाडी घाट चढत राहिली. मधलं वळण आलं, टपरी आली, देऊळ आलं, मागं गेलं. आई जागी झाली ती दारातच.

"पोचलो का?" तिनं विचारलं.

"पोचलो," मास्तर म्हणाले.

ज्या गोष्टीवर आपलं प्रेम असतं, तिचे हट्ट आपण हसत पुरवतो. तसं करण्यात आनंदही आहे. पण ते हट्ट पुरवायला लागणारा वेळ आपला स्वतःचा असावा, शेजारी बसलेल्या माणसाचा नसावा. मास्तरांचे वडील गाडीला जीव लावणारे होते, म्हणूनच त्या पावसाळी रात्री त्यांनी तिला गल्लीत उभी ठेवली. आणि पाचव्या दिवशी हार घालून तिला घेऊन आले.

निवड करताना आपण दोन वस्तू समोर ठेवतो आणि यातली चांगली कोणती, असं विचारतो. आधी विचारावं, ही थांबली तर कोण थांबेल? आपणच थांबणार असू, तर मनाला आवडेल ते खुशाल घ्यावं. दुसऱ्या कुणाचा श्वास त्या वाटेवर अवलंबून असेल, तर भरवशाचं घ्यावं, मग ते कितीही साधं असो. हौसेला रविवार द्यावा, बुधवार भरवशाला द्यावा. दोघांना आपापला वार मिळाला की कुणावरच अन्याय होत नाही.

आणि भरवसा म्हणजे काय, हे कुणी विचारलंच, तर घाटात झोपी गेलेल्या त्या आईकडं बघावं.